पाऊस किती पडला?

उन्हाळा सरत आला की आपल्या वऱ्हाडात एकच प्रश्न घरोघर फिरू लागतो : ‘यंदा पाऊस कसा आहे?’ अक्षय्य तृतीयेला शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी तिचे भाकीत वर्तमानपत्रांत ठळक छापून येते. पारावर पंचांग उघडले जाते. मृगाचे वाहन कोणते, आर्द्राचे कोणते, हे मोठ्याने वाचून दाखवले जाते. बेडूक किंवा म्हैस निघाली तर चेहरे खुलतात, कोल्हा निघाला तर सुस्कारे पडतात. हवामान खाते सरासरीच्या इतके टक्के असा अंदाज जाहीर करते. आता तर ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये एकेक ज्योतिषी बसलेला आहे. पाऊस पडणार की नाही, केव्हा पडणार आणि किती पडणार, या तीन प्रश्नांवर आपण वर्षाचे तीन महिने बोलत असतो.

पण पाऊस येऊन गेल्यावर ‘तो किती पडला?’ हा चौथा प्रश्न कोणी विचारतो का? माझ्या अनुभवात तरी नाही. पडणाऱ्या पावसाला एवढा मान आणि पडलेल्या पावसाची साधी नोंदसुद्धा नाही, ही गोष्ट मला फार खटकते. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की, आपल्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यात भाकितापेक्षा मोजमापाचे मोल अधिक आहे आणि ते मोजमाप केवळ सरकारवर सोपवून आपण, विशेषतः आपण विद्यार्थ्यांनी, स्वस्थ बसू नये.

कोणी म्हणेल, गावात पाऊस मोजत नाहीत असे कसे? ते खरे आहे. आमच्या गावी पावसाला पुष्कळ मापे आहेत. ‘वीतभर ओल गेली’, ‘तिफण चालेल इतका झाला’, ‘नुसता शिडकावा झाला’, ‘झड लागली’, ‘नाला दोन्ही थड्या भरून चालला’. ही मापे अडाणीपणाची नाहीत. पेरणी करावी की थांबावे, डवरणी आज घ्यावी की उद्या, हे ठरवायला ‘वीतभर ओल’ हे माप कोणत्याही आकड्याइतकेच उपयोगाचे आहे. माझ्या बाबांना शाळा चौथीपर्यंतच मिळाली, पण मूठभर माती दाबून ते ओल किती खोल गेली ते सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. अडचण निराळीच आहे. हे माप सरकारी रकान्यात बसत नाही. रकान्याला मिलिमीटर हवा असतो आणि आज शेतकऱ्याचे पुष्कळसे नशीब त्या रकान्यात लिहिले जाते.

ते कसे, हे थोडे सविस्तर सांगते. आपल्या राज्यात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाची नोंद झाली की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे धरतात आणि तेथून पंचनामे व मदतीची चाके फिरू लागतात. २०२३ साली सरकारने ‘सततचा पाऊस’ हीसुद्धा आपत्ती मानली. तिच्यात सलग पाच दिवस, रोज किमान १० मिलिमीटर, असा हिशेब आला. त्याच वर्षी उलट बाजूचाही अनुभव आला. पाऊस रुसला. आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि पुढे १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मान्य झाली. मंडळांसाठीची कसोटी होती जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी. म्हणजे पाणी जास्त झाले तरी आकडा आणि कमी झाले तरी आकडाच. कर्जाची वसुली थांबते की नाही, मुलांची परीक्षा फी माफ होते की नाही, यांसारख्या सवलतींची वाटही अशा आकड्यांवरूनच जाते. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ही फीमाफी घेतली असेल. तिच्या मुळाशी कुठल्यातरी अंगणातले एक लहानसे भांडे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एकरभर वावरात ते सुमारे ४,००० लिटर होते. ६५ मिलिमीटर म्हणजे एकरी अडीच लाख लिटरांहून अधिक. एवढे पाणी एका रात्रीत उताराच्या रानावर पडले तर माती जागेवर राहील का, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मी अकरावीत असतानाची गोष्ट आहे. जुलै महिन्यात एका रात्री आमच्या शिवारात असा पाऊस झाला की नाल्याने वाट सोडली आणि तो आमच्या वावरातून वाहिला. सोयाबीन गुडघ्याच्या खाली होते. सकाळी पाहिले तर जवळजवळ दोन एकरांतले पीक मातीसकट गेलेले आणि खाली पांढरा मुरूम उघडा पडलेला. आमच्या मंडळाचे ठिकाण गावापासून दूर, टेकडीच्या पलीकडे आहे. तिथे त्या रात्री पाऊस बेताचाच झाला होता. तिथल्या नोंदीचा आकडा ६५ च्या आत राहिला आणि अतिवृष्टीच्या यादीत आमचे मंडळ आले नाही. नाल्याच्या पलीकडच्या काठावरचे गाव दुसऱ्या मंडळात मोडते. ते मंडळ यादीत आले. एकच नाला, एकच रात्र, एकच पूर. पण एका काठावर अतिवृष्टी झाली होती आणि दुसऱ्या काठावर कागदोपत्री ती झालीच नव्हती. बाबा कोणावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “आपल्या वावरातला पाणी कोणाच्याच वहीत नाही, पोरी.”

त्या वाक्याने माझ्या मनात घर केले. मला येथे कोणा कर्मचाऱ्याला दोष द्यायचा नाही. मंडळाच्या ठिकाणी नोंदलेला आकडा खरा होता. त्या भांड्यात जेवढा पाऊस पडला तेवढाच त्याने सांगितला. भांड्याला टेकडीपलीकडचे कसे कळावे? आणि याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कधी मंडळाच्या गावावरच ढग फुटतो, आजूबाजूची पाच-दहा गावे कोरडी राहतात, आणि ती सारी ‘ओली’ म्हणून लिहिली जातात. पुढे त्याच गावांना पावसाच्या खंडाबद्दल काही मागायचे झाले तर तो एक आकडा आडवा येतो.

हे असे का होते, हे समजून घेण्यासाठी मी ग्रंथालयात बसून आणि भूगोलाच्या सरांना विचारून थोडी माहिती जमवली. पर्जन्यमापक हे यंत्र अगदी साधे. वर नरसाळे, खाली पाणी साठवायचे भांडे आणि मोजायला काचेचे पात्र. आपल्या देशात त्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच ठेवतात. जवळपास झाड किंवा भिंत असेल तर ती तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावी, असा नियम आहे. नाहीतर वाऱ्याने तिरपा येणारा पाऊस भांड्यात पडतच नाही. रोज सकाळी साडेआठला मोजणी होते. आधीच्या चोवीस तासांत पडलेले सारे पाणी त्या दिवसाच्या तारखेला लिहितात. नव्या स्वयंचलित यंत्रात नरसाळ्याखाली तराजूसारखी झुकणारी वाटी असते. ठरावीक पाणी भरले की ती कलंडते, आणि किती वेळा कलंडली यावरून पाऊस कळतो. नरसाळ्यात पाने, धूळ किंवा कोळ्याचे जाळे अडकले की तिचाही हिशेब बिघडतो.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली जागेची. प्रचलित पर्जन्यमापकाच्या एका प्रकारात तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे जेवायच्या ताटापेक्षाही लहान. एका चौरस किलोमीटरमध्ये अशी पाच कोटी तोंडे मावतील! आणि एक मंडळ म्हणजे असे कितीतरी चौरस किलोमीटर, त्यात पंधरा-वीस गावे, मध्ये टेकड्या आणि नाले. संततधार पावसात हे चालून जाते, कारण तो सगळीकडे साधारण सारखा पडतो. पण जूनचा वळवासारखा पाऊस किंवा परतीचा पाऊस एका शिवारात धो धो कोसळतो आणि बांधापलीकडे धूळ उडत असते. हे शेतकऱ्याच्या लहान मुलालाही माहीत आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. समजा, पहाटे सहाला पाऊस सुरू झाला आणि अकराला थांबला. साडेआठपर्यंत ४० मिलिमीटर पडला आणि नंतर ४०. एकूण ८०. पण वहीत आजच्या तारखेला ४० आणि उद्याच्या तारखेला ४० असे दोन तुकडे होतील, आणि ६५ ची रेघ कोणत्याच दिवशी ओलांडली जाणार नाही. वाहून गेलेल्या मातीला मात्र साडेआठचे घड्याळ ठाऊक नसते.

येथे मी इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून थोडी मागे जाते. पाऊस मोजणे ही काही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारात हातभर तोंडाचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावे, असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात शेतीवरच्या अधिकाऱ्यासाठी प्रदेशवार पावसाचे आकडेही दिले आहेत : जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशात १६ द्रोण, अवंतीत २३ द्रोण आणि गोदावरीकाठच्या अश्मकात साडेतेरा द्रोण. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. अश्मक देश आपल्यापासून फार लांब नव्हता. कोरियात १४४१ साली राजा सेजोंग याच्या काळात पर्जन्यमापक तयार झाला आणि तो ठिकठिकाणच्या सरकारी कचेऱ्यांत ठेवला गेला. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले, ते वादळांच्या आणि दुष्काळांच्या तडाख्यांनंतर.

या सगळ्यांत एक धागा समान आहे. कौटिल्याचे कुंड कोठे होते? कोष्ठागारात, म्हणजे राजाच्या धान्यकोठारात. कोरियातला पर्जन्यमापक कचेरीत होता. इंग्रजांच्या काळात तो तहसिलीच्या आवारात गेला. आणि आज आपण ज्याला ‘मंडळ’ म्हणतो त्याचे पूर्ण नावच महसूल मंडळ आहे. पाऊस मोजण्याचा हेतू पूर्वी शेतसारा किती येईल आणि आता मदत किती द्यावी लागेल, हे कळणे हा. यात वाईट काही नाही. राज्याला हिशेब हवाच. पण ज्याच्या वावरात पाऊस पडतो त्याच्या हातात भांडे कधी आले नाही, हेही तितकेच खरे. एका बाजूचा तराजू आणि त्याच बाजूचे वजन, अशी ही दोन हजार वर्षांची रीत आहे.

आता थोडे उत्तरेकडे पाहू, कारण आपल्या पावसाचा आणि तिकडच्या बर्फाचा जुना संबंध आहे. हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८२ ते १८८५ या काळात हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न केला. हिमालयात बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत राहिले तर मैदानात पाऊस कमी, असा त्यांचा ठोकताळा होता. म्हणजे दक्षिणेतल्या ज्वारीचे भविष्य डोंगरातल्या बर्फाच्या नोंदींवर पाहिले जात होते! पुढे तो ठोकताळा एकटा पुरेसा नाही हे दिसून आले, पण एक गोष्ट कायमची ठरली : दूरच्या डोंगरात कोणीतरी काहीतरी मोजून ठेवले तरच येथे काही सांगता येते. मोजमाप आधी, भाकीत मागून.

आणि जेथे मोजणारा नसतो तेथे काय होते? ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात डोंगराचा मोठा कडा बर्फासह कोसळला आणि ऋषिगंगा व धौलीगंगा या नद्यांना अचानक लोंढा आला. दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्यांत बहुतेक प्रकल्पांवर राबणारे मजूर होते. वरच्या दरीत इशारा देणारी यंत्रणा नव्हती. पाणी वर वाढले, ते खालच्यांना पाणी अंगावर आल्यावरच कळले.

याच संदर्भात एक गोष्ट वाचून मला आश्चर्य वाटले. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू या खोऱ्यांतल्या नद्यांच्या पाण्याचे आकडे देशाच्या सीमेपलीकडच्या संबंधांमुळे गोपनीय वर्गात मोडतात. हिमालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या दारातल्या नदीचा प्रवाह किती, हे सहज पाहता येत नाही. आपल्याला मात्र तशी आडकाठी नाही. गोदावरी आणि तापी खोऱ्यांचे आकडे खुले आहेत. आणि आपला वाशीम जिल्हा दोन्ही खोऱ्यांत आहे! येथल्या डोंगरात उगवणारी काटेपूर्णा उत्तरेला जाऊन पूर्णेला मिळते आणि तापीमार्गे अरबी समुद्र गाठते. अडाण आणि अरुणावती पैनगंगेकडे जातात. पैनगंगा वर्धेला मिळते आणि ते पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोहोचते. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर पडलेले दोन थेंब दोन समुद्रांना जातात. पाणी असे वाटून देणारा हा जिल्हा स्वतः मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. आपल्याकडे पाऊस सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे काही वाळवंटी नव्हे. पण तो येतो कसा, थांबतो कोठे आणि जातो कोठे, याची गावनिहाय नोंद आपल्यापाशी नाही.

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पातून मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. कृषी विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर तालुक्याचा आणि मंडळाचा पाऊस पाहता येतो. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘विंड्स’ नावाची योजना पुढे आणली. तिच्यात ग्रामपंचायतीच्या पातळीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचा विचार आहे. ही चांगली पावले आहेत. पण माझा मुद्दा यंत्रांच्या संख्येचा नाही. यंत्र गावात आले आणि गावाला ते वाचता आले नाही, तर ते मोबाईलच्या मनोऱ्यासारखे उभे राहील. त्याच्या नरसाळ्यात पाने अडकली आहेत, त्याच्या शेजारी कोणी गोठा बांधला आहे, काल रात्री मुसळधार पाऊस होऊनही त्याने ५ मिलिमीटर दाखवले आहे, हे कोणाच्या लक्षात येईल? ज्याच्याकडे स्वतःची नोंद आहे त्याच्याच.

२०१८ साली आपला जिल्हा देशातल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत आला. आरोग्य, शिक्षण, शेती अशा बाबतींतले ४९ निर्देशांक लावून आपली प्रगती मोजली जाऊ लागली. आपल्याला मोजणारे पुष्कळ आहेत. आपण स्वतः काय मोजतो? हा प्रश्न मला बोचतो.

यावर काही आक्षेप घेतले जातील, ते मी मैत्रिणींशी बोलताना ऐकले आहेत. पहिला असा की, हे काम विज्ञान शाखेचे. आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी यात कशाला पडावे? मला हे पटत नाही. सरळ भिंतीचा एक डबा आणि एक फूटपट्टी असली की पाऊस मोजता येतो. डब्याच्या तळाशी जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. तोंड लहान असो की मोठे. याला प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती रोज साडेआठला उठून जाण्याची चिकाटी. शिवाय भूगोल, अर्थशास्त्र, इतिहास हे विषय आपण कशासाठी शिकतो? पैसेवारी कशी काढतात, पन्नास पैशांच्या आत आली की काय होते, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. ‘झड’, ‘ओल’, ‘उघाड’ हे शब्द जपणे हा मराठीचा प्रश्न आहे. आणि पुराचे पाणी मारुतीच्या कितव्या पायरीला कोणत्या साली लागले होते, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवणे, याला मी इतिहासच म्हणेन.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विद्यार्थ्यांच्या वहीतल्या आकड्याला कायद्यात किंमत काय? आज काहीच नाही, हे मला मान्य आहे. कोणी फूटपट्टीने मोजलेला पाऊस पाहून मदत देणार नाही, आणि देऊही नये. तसे झाले तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा पाऊस पाडील. पण नोंदीची किंमत फक्त पैशांत नसते. अर्जात ‘आमच्याकडे फार पाऊस झाला’ असे लिहिणे वेगळे, आणि ‘आमच्या शाळेच्या अंगणातली तीन वर्षांची रोजची नोंद सोबत जोडली आहे, ती मंडळाच्या नोंदीशी ताडून पाहावी’ असे लिहिणे वेगळे. पहिल्या अर्जाला सहानुभूती मिळते. दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते. निदान आमच्या गावाला स्वतंत्र पर्जन्यमापक का हवा, हे तरी अशा वहीने सिद्ध होईल.

तिसरा आक्षेप असा की, मोजल्याने पाऊस वाढत नाही. खरे आहे. पण मोजल्याने शहाणपण वाढते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजार गावात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पावसाची आणि विहिरींच्या पातळीची नोंद ठेवली जाते, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि यंदा कोणते पीक घ्यायचे, कोणते नाही, हे त्यावरून ठरते. ते गाव आपल्याहून कमी पावसाचे आहे. त्यांच्यापाशी जास्त आहे ती वही.

म्हणून मी महाविद्यालयापुढे एक साधी सूचना ठेवते. आपल्या आवारात, झाडांपासून आणि इमारतीपासून दूर, एक चांगला पर्जन्यमापक बसवावा आणि रोजचा आकडा ग्रंथालयाच्या दारातल्या फळ्यावर लिहावा. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण दरवर्षी श्रमदान करतो, शिबिरे भरवतो. त्याच्या जोडीला, जे विद्यार्थी रोज खेड्यांतून एस. टी.ने येतात त्यांनी आपापल्या गावी पाऊस मोजावा आणि आल्याबरोबर तो वहीत नोंदवावा. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या सर्व बाजूंची मुले आपल्या वर्गांत आहेत. तीस गावांतून तीस आकडे आले तर एका पावसाचा नकाशा तयार होईल, आणि मंडळाच्या एका आकड्यामागे किती वेगवेगळे पाऊस दडलेले आहेत, ते प्रथमच दिसेल. गावच्या पुलाच्या खांबावर रंगाने फुटाफुटांच्या रेघा मारायला ग्रामपंचायतीने परवानगी दिली, तर नाल्याच्या पुराचीही नोंद होईल. भूगोल विभागाने देखरेख करावी. खर्च एखाद्या स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा कितीतरी कमी येईल.

विद्यार्थिनींना यात मी मुद्दाम बोलावते. पाऊस आला की घरात सर्वांत आधी धावपळ कोणाची होते? गोवऱ्या झाका, सरपण आत घ्या, गळक्या पत्र्याखाली भांडे ठेवा. आमच्या घरी गळक्या जागेखालचे भांडे रात्रीतून किती वेळा रिकामे केले यावरून माय पावसाचा जोर सांगते. पाऊस मोजणे बायकांना नवे नाही. फक्त ते लिहून ठेवायला कोणी सांगितले नव्हते, आणि लिहिता येणारी घरात कोणी नव्हती. आता आहे. घरातली पहिली मुलगी कॉलेजात आली, तिचा घराला उपयोग काय, असे विचारणारे अजून भेटतात. त्यांना दाखवायला माझ्याजवळ निदान ही एक वही असेल.

दुष्काळात आणि अतिवृष्टीत आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो. ते करायलाच हवे. पण निवेदनावर सह्या शेकडो असतात आणि आकडा एकही नसतो. ज्यांनी शिकून शहाणे व्हावे म्हणून आई-वडिलांनी कर्ज काढले, त्या आपण सर्वांनी निदान ही एक उणीव भरून काढायला काय हरकत आहे?

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी पावसावर पाच-सहा कविता येतात आणि मी त्या आवडीने वाचते. त्या यापुढेही याव्यात. पण पुढच्या वर्षीच्या अंकात त्यांच्या शेजारी एक पान निराळे असावे, अशी माझी संपादक मंडळाला विनंती आहे. त्या पानावर गावांची नावे असावीत, जून ते सप्टेंबर असे रकाने असावेत आणि त्यांत आपण स्वतः मोजलेला पाऊस असावा. एखाद्या गावाच्या रकान्यात एखाद्या दिवशी ‘नोंद नाही’ असे आले तरी चालेल. सबंध गावच नोंदीतून सुटले, असे मात्र होऊ नये.